कुणाचीच नसलेली जन्मतारीख

मी एक जन्मतारीख बोलतेय. तेवीस नोव्हेंबर दोन हजार अकरा. त्या दिवशी डोंबिवलीत पुष्कळ मुलं जन्मली असतील. मी ज्या घरात राहते, तिथे मात्र कुणी जन्मलं नाही.

ठाण्याला, खोपटच्या एका दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी महिने मोजून मला बाळंतपणाची तारीख म्हणून मेघालीच्या फाइलवर लिहिलं. मेघालीनं घरी येऊन कॅलेंडरवर माझ्याभोवती गोल काढला. पाचव्या महिन्यात सगळं थांबलं. फाइल माळ्यावर गेली. कॅलेंडर तिच्या नवऱ्यानं, महेंद्रनं उतरवलं. मग माझं नाव त्या घरात कुणी काढलं नाही.

पुढे समृद्धी झाली. ती आता नऊ वर्षांची, चौथीत. यंदा जूनमध्ये शाळेनं प्रकल्पासाठी एक ॲप घ्यायला सांगितलं. काहीही विचारा, ते उत्तर देतं. पण त्याची अट होती, वय तेरा पूर्ण हवं. मेघालीनं पालकांच्या ग्रुपवर विचारलं, आता काय करायचं?

"अगं, टाक कुठलीही तारीख," सौमित्रच्या आईचं उत्तर आलं. "मी माझीच टाकली. माझा सौमित्र आता पस्तीस वर्षांचा आहे, फक्त पोळ्या लाटायच्या बाकी आहेत!"

मेघाली हसली. कुठलीही तारीख टाकायला गेली आणि तिच्या बोटांतून मीच उमटले. ती दचकली. 'नियमात बसतेय ना, मग झालं,' असं स्वतःला सांगून तिनं 'पुढे' दाबलं. शिकलेल्या बायका स्वतःला फार पटकन पटवतात.

त्या दिवसापासून मी वाढायला लागले. ॲप समृद्धीशी तेरा वर्षांची समजून बोलायचं. मेघाली दाराआडून ऐकायची. आपल्या मुलीची काळजी वाटतेय, की ते ज्या दुसऱ्या मुलीशी बोलतंय तिची भीती, हे तिचं तिलाच कळेना.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी पडद्यावर फुगे उडाले. 'चौदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा!'

"आई, आज कुणाचा बड्डे आहे?"

"कुणाचाच नाही गं. खोटी तारीख आहे ती."

"मग रडतेयस कशाला?"

"कांदा चिरतेय ना."

"आई, ती भेंडी आहे."

आता शाळेनं नियम कडक केलेत. खऱ्या जन्मतारखा भरा, तेराखालच्या मुलांची खाती बंद होतील. आज शेवटचा दिवस. मला जायलाच हवं. नऊ वर्षांच्या पोरीनं चौदाचं का व्हावं?

पण फॉर्म विचारतोय, जुनी तारीख चुकीची का होती? पर्याय दोनच. 'टायपिंगची चूक' आणि 'इतर'. मेघालीचं बोट पहिल्यावर येऊन थांबलंय.

मेघाली, मला खुशाल पुसून टाक. पण मी टायपिंगची चूक नव्हते गं.

तिनं 'इतर' दाबलं. कारण लिहायला रिकामी चौकट उघडली. मग तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"समू, इकडे बस जरा. त्या दिवशी मी का रडले, ते सांगायचंय तुला."