हापशीचा शेंदूर

समताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि त्यातली निम्मी आग स्वतःवरचीच होती.

धामणगाव बढ्याजवळच्या तिच्या गावात दोन वर्षांपूर्वी पुण्याची चार पोरं सिनेमा काढायला आली होती. पदरमोड करून काढलेला, हसवायचा सिनेमा. गोष्ट अशी की गावच्या हापशीतून दूध निघतं आणि गाव येडं होतं. पोरांनी आडून नळी जोडली, भुकटीचं दूध सोडलं, हापशीला शेंदूर फासला. समताला दोन वाक्यांचं काम मिळालं. "अजून काहीतरी गमतीचं बोला ना," दिग्दर्शक म्हणाला. तेव्हा तिने शेजारच्या तानुकाकूची हुबेहूब नक्कल केली, "अडचणीतल्या बाईनं हापशीले हात नाही लावायचा. दूध नासते." सगळे पोट धरून हसले. तीसुद्धा हसली.

पोरं गेली, शेंदूर राहिला. मग कुणाची हरवलेली शेळी सापडली, कुणाची पोरगी पास झाली, आणि हापशीपुढे नारळ फुटू लागले. करायला गेले गणपती, झाला मारुती. पाठोपाठ समताचं वाक्यही नियम होऊन बसलं. गावात नळ येतो बाराव्या दिवशी. पाळीच्या दिवसांत दारासमोरची हापशी सोडून तिची धाकटी बहीण करिष्मा, सातवीतली पोर, दुखतं पोट घेऊन मळ्यातल्या विहिरीवरून हंडा आणू लागली.

सिनेमा पाहिला की गाव शुद्धीवर येईल, एवढीच समताला आशा होती. रविवारी दुपारी पोरांनी परत येऊन तो समाजमंदिरात दाखवला. लोक खदखदून हसले. त्या वाक्याला तर तानुकाकू पदराने डोळे पुसत हसली.

बाहेर पडल्यावर करिष्मा हंडा घेऊन हापशीवर गेली. रांगेत तानुकाकू सगळ्यात पुढे होती.

"थांब वं. तुही अडचण हाये, मले मालूम हाये."

"काकू, आताच तं हासल्या तुमी," मागून आलेली समता म्हणाली.

"तो सिनेमा होता. हे आपलं हाये."

"ते वाक्य माह्यं होतं. तुमची नक्कल केली होती मी."

"तुह्या तोंडून देवानंच वदवलं, बाई," काकू शांतपणे म्हणाली.

त्या शांतपणानेच समता पेटली. तिने पुढचा हंडा खस्सकन हापशीखाली ओढला. तो काकूचाच होता.

"मले बी आज दुसरा दिवस हाये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, आणि दांडा धरून हापसू लागली. हंडा काठोकाठ भरला. "न्या. नासलं असन तं ओतून द्या."

नळाला अजून नऊ दिवस होते. तानुकाकूने वाकून हंड्यात पाहिलं, मागे रांगेकडे पाहिलं, हंडा कमरेवर घेतला आणि घराची वाट धरली.

करिष्माने आपला हंडा लावला. समताचा राग काही उतरला नव्हता. ती हापसत राहिली.