रेवसपासून पायी

मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या मैदानाला छायाने दोन वर्षांत किती फेऱ्या मारल्या, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज तासभर चाला. छाया चालू लागली. सकाळी सहाला घराबाहेर. गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून बॅडमिंटन कोर्टापर्यंत, तिथून परत गेट. साखर उतरली, पण छायाचा पारा चढला. एका सकाळी ती घरात आली, बूट काढले आणि चहा पीत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली,

"अवो, घाण्याचा बैल झालेय मी. मला आता सरळ चालायचंय."

"सरळ म्हंजे?" वाल्मिकने विचारलं.

"म्हंजे सरळ. सकाळी निघाले तिथंच परत यायचं नाय."

वाल्मिक म्हणजे एकतीस वर्षं कंपनीत बॉयलरवर पाळ्या केलेला माणूस. रिटायर होऊन वर्ष झालं होतं. तो कशालाच घाईने हो म्हणायचा नाही, आणि छायाला नाही म्हणायची तर त्याची टापच नव्हती. दोन दिवस त्याने विचार केला. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सरळ चालायचं तर दर्याच्या कडेनं चाल. एका बाजूला पाणी असलं का माणूस चुकत नाय. रेवसला सुरुवात कर. हरिहरेश्वरला आपला जिल्हा संपतो."

"आणि तुमी?"

"माझा गुडघा कसा हाय ते तुला ठाव हाय. मी एसटीनं पुढं जाईन. मुक्कामाचं बघीन, माशांचं बघीन."

माशांचं म्हणताना त्याचा चेहरा असा काही खुलला, की ही सगळी योजना नक्की कुणासाठी चाललीय असा छायाला प्रश्न पडला.

लेक सुप्रिया पनवेलला असायची. तिने फोनवर भरपूर आरडाओरडा केला आणि शेवटी एकाच अटीवर आली : आईने एकटीने जायचं नाही. छायाला कुणाला विचारायचं ते ठाऊकच होतं. तिचं माहेर कशेळ्याचं. कशेळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली ठाकरवाडी आहे, तिथली कोंडी तिची लहानपणापासूनची मैत्रीण. दोघींनी मिळून करवंदं खाल्ली होती, मार खाल्ला होता आणि एकाच वर्षी लग्नं होऊन दोन दिशांना गेल्या होत्या. कोंडीने पुढे माथेरानच्या हॉटेलांची ओझी डोक्यावरून चढवली. पंचावन्नाव्या वर्षीही ती डोंगर चढायला लागली की जवान पोरं मागे पडायची. समुद्र मात्र तिने माथेरानवरूनच पाहिला होता. पावसाळा सरला की लांबवर एक रेघ चमकते, पाहुणे बोट दाखवून 'ती बघा' म्हणतात, तेवढाच.

"डोंगर हाय का मधी?" कोंडीने विचारलं.

"नाय. सगळी सपाटी."

"सपाटीवर काय चालायचं गं बाय? ते तर म्हातारी माणसं पण चालतात," कोंडी म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली.

जानेवारीच्या एका सकाळी दोघी रेवसच्या धक्क्यावरून निघाल्या. किहीमच्या वाळूत पोचेपर्यंत कोंडीची सगळी ऐट उतरली. ती डोंगरावरच्यासारखी पुढे वाकून, पंजे रोवून चालायची आणि वाळू तिच्या पायाखालून निसटायची. अर्ध्या तासात ती धापा टाकत खाली बसली.

"ही जमीन पळते गं! पाय ठेवला का पळते!"

"ओल्या वाळूवरनं चाल. पाण्याच्या कडेला घट्ट असते."

"पाण्याच्या कडेला?" कोंडीने लाटेकडे पाहिलं. "ते सारखं अंगावर येतंय. बघ, परत आलं. त्याला काय पायजे?"

छाया इतकी हसली की तीही वाळूत बसली. मग तिने कोंडीला आपल्या डाव्या हाताला घेतलं, आपण पाण्याच्या बाजूने झाली, आणि दोघी हात धरून चालायला लागल्या. दोन वर्षांच्या फेऱ्या छायाच्या पायांत मुरल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती कोंडीच्या पुढे चालत होती. ते तिने दिवसभरात तीनदा बोलूनही दाखवलं. कोंडीने तीनही वेळा ऐकू न आल्यासारखं केलं.

अलिबाग गेलं, नागाव गेलं. संध्याकाळी कुठे पोचावं तर वाल्मिक आधीच हजर; एखाद्या घरगुती खाणावळीच्या ओट्यावर मांडी घालून, घरमालकाशी जन्माची ओळख असल्यासारखा गप्पा मारत. "आज जिताडा हाय," असं तो अशा काही सुरात सांगायचा की जणू गळ टाकून त्यानेच धरला. कोर्लईला बांबूंवर दोऱ्या बांधून बोंबील वाळत घातलेले दिसले. कोंडी थबकली. जन्मभर कशेळ्याच्या बाजारात ती सुके बोंबील घेत आली होती, पण ते असे दोरीवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून लटकतात हे तिला कुठे ठाऊक? तिथल्या कोळणीशी तिने तासभर गप्पा मारल्या. त्या दिवशी काशीदला पोचायला उशीर झाला. वाल्मिकने दोनदा जेवण गरम करायला लावलं होतं.

मुरूड मागे पडलं. आगरदांड्याहून बोटीने खाडी ओलांडून तिघं दिघीला उतरली. दुसऱ्या दिवशी दिवेआगर गाठायचं होतं. वाल्मिक सकाळच्या गाडीने गेला. दोघींना वाटेत एक म्हातारा भेटला, जाळं विणत बसलेला. तो म्हणाला, "खालून खडकावरून गेलात तर मोठा वळसा वाचतो. पण ते पुढचं टोक भरती लागायच्या आत वळा. मग पाणी ऐकत नाय."

छायाला सहा दिवसांत चांगलाच आत्मविश्वास आला होता. "वळतो की," ती म्हणाली.

वळल्या असत्याही. पण खडकांच्या खळग्यांत साठलेल्या पाण्यात इवले मासे होते, पाठीवर शंख घेऊन पळणारे खेकडे होते, आणि छाया प्रत्येक खळग्यापाशी थांबत होती. कोंडी दोनदा म्हणाली, "चल गं." तिसऱ्यांदा तिने म्हटलं तेव्हा समोरच्या टोकापाशी, घटकेपूर्वी जिथे कोरडा खडक होता तिथे पाणी फुटत होतं. मागे वळून पाहिलं, तर आल्या वाटेवरही लाटा चढलेल्या.

छाया तरीही पुढे गेली. पाणी गुडघ्याला लागलं. शेवाळावरून पाय घसरला, ती बसकण मारून पडली, आणि उठेपर्यंत डाव्या पायातला बूट लाटेने ओढून नेला. मोबाईल काढला, तर त्याच्या पोटातून पाणी गळत होतं. एका बाजूला पाणी असलं का माणूस चुकत नाही म्हणे!

"कोंडे, आता गं?"

कोंडी समुद्राकडे बघतच नव्हती. ती पाठ फिरवून वरच्या कड्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, एकेक खडक वाचल्यासारखी. मग तिने बोट दाखवलं.

"ते बघ. लेंड्या."

"काय?"

"शेळीच्या लेंड्या हायत त्या कपारीत. शेळी काय उडत येत नाय. वाट हाय."

आणि ती निघालीसुद्धा. सहा दिवस वाळूत कोलमडणारी कोंडी त्या उभ्या चढाला अशी लागली, जसं काही कुणी तिला घरी सोडलं. पाय कुठे ठेवायचा, कुठलं झुडूप धरायचं, कुठल्या दगडावर भरवसा नाही, सगळं तिला न शोधता सापडत होतं. छाया एका पायात बूट आणि एक पाय उघडा अशी मागून चढू लागली. मध्यावर तिने खाली पाहिलं आणि तिथेच कड्याला चिकटून बसली. जिथे ती पडली होती तो खडक आता दिसतच नव्हता.

"मला नाय जमत."

कोंडी चार हात वर होती. ती खाली उतरली, डोक्याचं फडकं सोडलं, छायाच्या उघड्या पायाला घट्ट गुंडाळून गाठ मारली.

"खाली बघू नको. वर पण बघू नको. माझ्या टाचा बघ. मी जिथं ठेवीन तिथं ठेव."

छायाने पुढचा पाऊण तास त्या भेगाळलेल्या टाचांखेरीज काही पाहिलं नाही. मग एकदम वारा लागला, पायाखाली वाळकं गवत आलं, आणि वरच्या सपाट, खडकाळ सड्यावर चार शेळ्या रवंथ करत त्यांच्याकडे बघत बसलेल्या दिसल्या. कोंडीने शेळ्यांना हात जोडले. छायाने कोंडीला मिठी मारली आणि ढसाढसा रडली, आणि रडता रडताच दोघींना हसू फुटलं.

"सपाटी हाय म्हणालीस ना?" कोंडी म्हणाली. "मला आधी सांगायचं, चढ हाय. मी कवाच आले असते पुढं."

सड्यावरून पायवाट होती, पण लांबची. दिवेआगरच्या किनाऱ्याला लागेपर्यंत ऊन पार कललं होतं. वाळूची पुळण लांबलचक आणि रिकामी. छाया लंगडत होती. कोंडी आता आपणहून पाण्याच्या बाजूने चालत होती, आणि लाट आली की तिच्यावर खेकसत होती.

लांबून एक माणूस येताना दिसला. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पिशवी, दर दहा पावलांवर थांबणारा. छायाने डोळ्यांवर हात धरला.

"कोंडे, ते आमचे हे हायत का गं?"

तेच होते. कॉलनीत दुधाची पिशवी आणायलाही रिक्षा बघणारा वाल्मिक वाळूतून दीड-दोन किलोमीटर तरी चालत आला होता. जवळ आल्यावर त्याने आधी दोघींना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. फडकं गुंडाळलेला पाय पाहिला. मग खाकरून म्हणाला,

"दोन वाजल्यापासून सुरमई तळून ठेवलीय. गार झाली ना."

"अवो, गुडघा?"

"कसला गुडघा?" असं म्हणून तो वाळूतच बसला, आणि मग त्याला दोघींनी धरूनही लवकर उठता येईना. तेव्हा त्याही बसल्या. पिशवीत डबा होता. गार सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या तिघांनी तिथेच खाल्ल्या. छायाने सगळं सांगितलं. म्हातारा, खेकडे, बूट, लेंड्या. वाल्मिकने ऐकून घेतलं, मग डब्यातला सगळ्यात मोठा तुकडा उचलून कोंडीच्या भाकरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी छायाने नव्या चपला घातल्या. वाल्मिक म्हणाला, एसटीला वेळ आहे, तोवर जरा गावाबाहेरपर्यंत येतो. तो शेखाडीच्या अलीकडपर्यंत आला. त्याच्या पुढच्या दिवशी श्रीवर्धनहून निघताना एसटीचं नावही न काढता बरोबर चालू लागला, आणि फार झालं तेव्हा मागून येणाऱ्या टेंपोला हात केला.

हरिहरेश्वरला देवदर्शन झालं, फोटो झाले, दुरुस्त झालेल्या मोबाईलवर सुप्रियाची बोलणी खाऊन झाली. वाल्मिक पनवेलच्या गाडीची चौकशी करायला गेला तो अर्ध्या तासाने परत आला.

"बागमांडल्याहून बोट सुटते," तो म्हणाला. "पलीकडं वेसवी. रत्नागिरी जिल्हा."

"आणि पनवेलची गाडी?"

"ती विचारायची राहिली."

सकाळी तिघं बोटीने पलीकडे गेली. उतरल्यावर टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने ग्लास पुढे करत सहज विचारलं, "पाहुणे कुठले? कुठून आलात?"

कोंडीने तोंड उघडायच्या आत वाल्मिक म्हणाला, "रेवसहून. चालत."

छायाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं, चहाचा एक घोट घेतला आणि हळूच पुस्ती जोडली, "थोडंसं एसटीनं."