मी मोजलंय

मुलगा, सून आणि दोन नातवंडं वर्षाआड दहा दिवसांसाठी येत, आणि त्या दहा दिवसांचं वेळापत्रक आजोबा दोन महिने आधी करून फ्रिजच्या दारावर चिकटवत. पहिला दिवस विश्रांती, दुसऱ्या दिवशी प्राणिसंग्रहालय, तिसऱ्या दिवशी तळं, आणि तळ्यावर होडी मिळाली नाही तर पुन्हा एकदा तळं. आजीचं म्हणणं असं की ही माणसं विश्रांतीला येतात आणि सहलींनी थकून परत जातात. तिला स्वतःला सहलीला जायला आवडायचं. फक्त सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी निघायला आवडायचं नाही.

वेळ, अंतर, वजन या गोष्टींत थोडंही इकडेतिकडे आजोबांना खपत नसे. बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा, खोटे असतील ते उचलून न्यायचे. बाजार त्यांना तोंडावर साहेब म्हणायचा आणि पाठ वळली की काटा. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर अभिमान दुसऱ्या नावाचा जास्त होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आजीने आणलेले टोमॅटो ते घरी पुन्हा तोलून बघत. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या बाईला याचं काही वाटेनासं झालं होतं.

चौथा दिवस खेळण्यांच्या बागेचा. या बागेत एक मोठी होडी होती. पाण्यात नव्हे, हवेत. दोन खांबांमध्ये टांगलेली, चाळीस माणसं बसतील एवढी, आणि ती झोका घेत घेत इतकी वर जायची की खालून बघणारेसुद्धा डोळे मिटायचे. तिच्या फाटकाशी एक लाकडी अस्वल उभं होतं. अस्वलाचा एक हात आडवा पसरलेला. त्या हाताला डोकं टेकलं तर आत, नाहीतर बाहेर. एकशेवीस सेंटिमीटर.

नातू अकरा वर्षांचा आणि अंगाने बांबू. तो वाकूनच आत गेला. त्याची बहीण चिंगी, वय सात, अस्वलाखाली उभी राहिली. तिच्या डोक्यात आणि अस्वलाच्या हातात चांगली दोन बोटं जागा उरली.

फाटकावरच्या माणसाने मान हलवली. पन्नाशीचा, खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. तेवढ्यात त्याचं लक्ष मागे उभ्या असलेल्या आजोबांकडे गेलं आणि तो खुर्चीवरून उठलाच.

त्याने स्वतःच ओळख दिली. पूर्वी तो भाजीबाजारात कांदे-बटाटे विकायचा. किलोमागे ऐंशी ग्रॅम खाणारा त्याचा तराजू साहेबांनी भर गर्दीत जप्त केला होता. त्या दिवशी आईची शपथ घेऊन कानाला खडा लावला, असं त्याने मुलाला आणि सुनेला कौतुकाने सांगितलं, जणू आजोबांनी त्याला बक्षीस दिलं होतं. मग तो चिंगीकडे बघून ओशाळला. म्हणाला, साहेबांची नात म्हणून सोडलं असतं, पण साहेबांनाच ते आवडणार नाही. आजोबा म्हणाले, अगदी बरोबर. आणि सगळ्यांकडे असं पाहिलं की आजीने दुसरीकडे पाहिलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

नातू होडीतून उतरला तो थेट भाषण करतच. वर गेलं की पोट खालीच राहतं, मग ते आपल्याला शोधत वर येतं, आणि हे बुटक्या लोकांना कधीच कळणार नाही. चिंगी मोठ्याने रडली असती तर आजोबांनी आईस्क्रीमवर भागवलं असतं. ती रडली नाही. बाकावर आजोबांशेजारी बसली, पाय हलवत राहिली, आणि मग बोटांवर हिशेब करून म्हणाली,

"आजोबा, आम्ही पुढच्या वेळी येऊ तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. तेव्हा तुम्ही मला घेऊन याल?"

"येईन की," आजोबा म्हणाले.

दोन वर्षांनी आपण सत्तरीत असू, गुडघे असेच असतील की नाही, डॉक्टर गेल्या खेपेला रिपोर्ट बघताना जरा जास्तच वेळ का गप्प होता, या गोष्टी त्यांनी कुठल्याही वेळापत्रकात धरलेल्या नव्हत्या. त्या एकदम सगळ्या येऊन बाकावर बसल्या.

मुलगा आणि सून चहाच्या रांगेत होते. आजी झाडाखाली चपला काढून टेकली होती. आजोबा म्हणाले, चिंगीचे हात धुऊन आणतो.

माणूस बत्तीस वर्षं चोर पकडत राहिला की त्याला चोरीचं रीतसर शिक्षण मिळतं. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, मापाला आतून ठोकलेला दुसरा तळ, पोकळ वजनं, हे सगळं आजोबांनी पाहिलेलं. आता त्यांनी खिशातून बागेचे नकाशे काढले. फाटकावर माणशी एक फुकट वाटत होते म्हणून त्यांनी सहाही घेतले होते. जाड, गुळगुळीत कागद. नळामागच्या ओट्यावर बसून त्यांनी त्यांच्या घड्या घातल्या, चिंगीच्या बुटाच्या आकाराच्या, आणि टाचेखाली सारल्या. वेणी सोडून डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला, तो तर सुनेपेक्षा बरा जमला. मग तिला भिंतीला टेकवून वीत लावून पाहिली. एक सेंटिमीटर कागदाचा, एक अंबाड्याचा, उरलेलं ताठ उभं राहून भागलं असतं.

"हे चालतं?" चिंगीने विचारलं.

"आजच्या दिवस चालतं," असं म्हणताना त्यांना आपला आवाज कांदेवाल्यासारखा वाटला. पण तो नळाच्या आवाजात बुडाला.

नातवाला हाक मारून त्यांनी बरोबर घेतलं आणि तिघं फाटकाशी आले. चिंगी अस्वलाखाली जायला निघाली. बुटांमुळे ती जरा बदकासारखी चालत होती. फाटकवाला पुन्हा उठून उभा राहिला.

"मघाशी ती वाकून उभी होती," आजोबा म्हणाले. "मी मोजलंय."

"साहेब, तुम्ही मोजलंय ना?" तो हसला आणि त्याने साखळी काढली. "मग अस्वल कशाला पाहिजे?"

चिंगीला त्याने मोजलंच नाही. कागद, अंबाडा, वीत, सगळी कारागिरी फुकट गेली. नुसता शब्द पुरला. आजोबांना तिथल्या तिथे थांबवता आलं असतं. साखळी अजून त्या माणसाच्या हातात होती. पण चिंगीने वरून हात हलवला आणि त्यांनीही हलवला.

पहिले चार झोके छान गेले. पाचव्याला, होडी वर असताना, चिंगी मांडीवरच्या दांड्याखालून सरकली. दांडा सगळ्यांच्या मांड्यांवर बसला होता, तिच्या मांडीवर वीतभर जागा होती. भाऊ, जो तासभर तिला बुटकी म्हणत होता, त्याने तिच्या फ्रॉकला आणि दंडाला मिळेल तसं धरलं आणि तो ओरडायला लागला. फाटकवाल्याने लाल बटण दाबलं. पण एवढी मोठी होडी बटण दाबलं म्हणून थांबत नाही. ती तिच्या वेळेने थांबते. आजोबांनी आयुष्यभर सगळं मोजलं होतं. ते झोके मात्र त्यांना कधीच सांगता आले नाहीत.

मध्येच वरून एक बूट पडला. नेमका त्यांच्यापुढे.

चिंगी खाली आली ती भावाच्या गळ्याला घट्ट धरूनच. खालचा ओठ फुटला होता, दंडावर भावाच्या पाच बोटांचे वळ होते. बाकी काही नाही. बाकी काही नाही, असं तिथे जमलेला प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता. सून धावत आली, तिने मुलीला उचललं. मुलाच्या हातात अजून चहाचे दोन कप होते. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

मग बागेचा सुपरवायझर आला. पंचविशीचा, कमरेला वॉकीटॉकी, हातात वही. त्याने अंबाडा सुटलेल्या चिंगीला आधी अस्वलाखाली उभं केलं, आणि मग फाटकवाल्याकडे वळला. मुलगी मोजली होती का?

"मोजली होती," फाटकवाला म्हणाला. "बरोबर होती. माझ्याच नजरेची चूक झाली असेल."

त्याने आजोबांकडे पाहिलंही नाही. सुपरवायझर लिहायला लागला. अशी चूक झाली तर माणसाला घरी पाठवतात, एवढं तो लिहिता लिहिताच बोलला.

आणि आजोबा गप्प राहिले. बूट त्यांनी पाठीमागे धरला होता. त्यांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? तर हा माणूस आपण होऊनच म्हणतोय, आपण कुठे त्याला सांगितलं. दुसरा विचार, सगळं शांत झालं की साहेबांना गाठून एकांतात बोलू. साहेब म्हणजे त्या वॉकीटॉकीवाल्या पोराला मनातल्या मनात साहेब म्हणेपर्यंत त्यांची मजल गेली होती. खोटं वजन हातात सापडलेला प्रत्येक दुकानदार त्यांना हेच म्हणायचा, साहेब, जरा बाजूला या. आणि ते कधीच बाजूला जायचे नाहीत.

मुलगा जवळ आला. त्याने चहाचे कप जमिनीवर ठेवले, वडिलांच्या पाठीमागून बूट काढून घेतला, आत बोट घातलं. नकाशाची घडी बाहेर आली. बागेतली सगळी ठिकाणं तिच्यावर रंगीत छापलेली होती.

"बाबा," तो हळू म्हणाला, "कप परत द्यायला मी एकटा गेलो होतो. तुम्ही शाळेच्या फाटकाशी उभे होतात."

सून आणि मुलं यांना याचा अर्थ लागला नाही. आजीला लागला. मुलगा शाळेत धावण्याच्या शर्यतीत पहिला आला होता, दहा वर्षांखालच्या गटात. शर्यतीच्या दिवशी त्याला दहा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. शाळेच्या हे लक्षात आलं नव्हतं, आजोबांच्या आलं. बक्षिसाचा कप एक रात्र कपाटावर राहिला. सकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, वर्गात सगळ्यांसमोर दे आणि का देतोस ते मोठ्याने सांग. ही गोष्ट ते पुढे तीस वर्षं पाहुण्यांना सांगत आले होते. मुलगा तेव्हा उठून पाणी प्यायला जायचा.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं माणसं म्हणतात. बागेतली जमीन सिमेंटची होती.

"ह्याने मोजलं नाही," आजोबा सुपरवायझरला म्हणाले. "मी मोजलंय असं मी सांगितलं. खोटं सांगितलं. बुटात कागद मीच घातले." मग त्यांनी वही मागून घेतली, आणि हात सवयीने चालू लागला. स्थळ, वेळ, मापात आढळलेली तूट, वापरलेली युक्ती, जप्त मुद्देमाल बूट दोन व नकाशे सहा. खाली आरोपीची सही म्हणून स्वतःची सही केली आणि साक्षीदारांच्या दोन जागा सोडल्या. एका जागी मुलाने सही केली. दुसरीकडे आजीने, चष्मा लावून, सगळं वाचून.

सुपरवायझरने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. असा कागद बागेत आजवर कुणी दिला नव्हता आणि तो कुठे लावायचा हे त्याला माहीत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, आजोबांनी सांगितलं ते चांगलं केलं, पण अस्वल आजोबांसाठी ठेवलेलं नाही, फाटकवाल्यासाठी ठेवलंय. घरी पाठवणार नाही. पण फाटकावर आता हा बसणार नाही.

आजोबा वाद घालायला लागले. तेव्हा फाटकवाल्यानेच त्यांच्या दंडाला हात लावला.

"राहू द्या, साहेब. त्यांचं बरोबर आहे. अस्वल समोर होतं. मी तुमच्या शब्दावर गेलो."

त्याने गळ्यातली शिट्टी काढून सुपरवायझरला दिली.

घरी येताना गाडीत नातू झोपला. चिंगीने ओठाला बर्फ धरला होता. घरी आल्यावर सुनेने तिचे केस विंचरले, अंबाड्याचा गुंता सोडवायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आजोबा दुसऱ्या खोलीत फ्रिजसमोर उभे होते.

तिसऱ्या दिवशी होडी मिळाली नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तळ्यावर जायचं होतं. सकाळी आजोबा म्हणाले, माझे गुडघे दुखतायत, तुम्ही जाऊन या. मुलगा म्हणाला, बरं. आणखी एकदा कुणी विचारलं नाही. चिंगीने जाताना हात हलवला, पण तो दारात उभ्या असलेल्या सगळ्यांनाच होता, आणि दारात ते एकटेच होते. आजी गेली. नऊला निघाले.

दहाच्या सुमाराला आजोबा बसने बागेत गेले. काय बोलायचं ते त्यांनी बसमध्ये चार वेळा जुळवलं होतं. होडीच्या फाटकावर एक तरुण मुलगी बसली होती आणि ती प्रत्येक पोराला अस्वलाखाली उभं करत होती, उंचाड्यांनासुद्धा. पूर्वीचा फाटकवाला त्यांना मागच्या बाजूला सापडला. पाण्याची नळी घेऊन तो वाफे भिजवत होता. त्यांना पाहून त्याने नळ बंद केला, ओल्या हातांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि सावलीत ठेवली.

"बसा, साहेब. नातवंडं कुठंयत?"

"तळ्यावर गेलीत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

चारही वेळा जुळवलेलं आजोबांना आठवेना. ते खुर्चीवर बसले. खाली पाहत म्हणाले, "मला साहेब म्हणू नकोस."

त्या माणसाने नळी उचलली.

"मग काय म्हणू?" तो म्हणाला. "बाजारातलं दुसरं नाव आहे, काटा, पण ते आता कुठे लागू पडतं."

त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, ना राग, ना हसू. त्याने नळ पुन्हा सोडला आणि वाफ्याच्या त्या टोकापासून भिजवत यायला लागला. आजोबा बसून राहिले.