अंबादासची साखर आणि मी

मित्रांनो, मी तेलाची एक जुनी किटली आहे. स्टीलची, पाऊण लिटर तेल मावेल एवढी, लांब चोचीची. कुर्ल्याच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. मला इतकं घासलं होतं, की घासणाऱ्याला माझ्यात स्वतःच्या मिशा दिसू लागल्या. मग भांड्यांच्या दुकानात माझ्या पोटावर नाव कोरलं गेलं, 'आयु. नंदा हिला, मावशीकडून.' या गोष्टीला बावीस वर्षं झाली.

नंदाबरोबरच मी बोरीवलीच्या या घरी आले, म्हणून तिला एकेरी हाक मारते. तिचा नवरा अंबादास बस चालवतो. त्याची बस आरे कॉलनीच्या झाडीतून जाते. दोघंही मूळचे वाशीमकडचे. रश्श्यावर लाल तर्री आली नाही, तर नंदाला स्वयंपाक झाल्यासारखा वाटत नसे. पाहुणे बोटं चाटत, नंदाचं कौतुक करत, आणि कट्ट्यावर मी मनातल्या मनात फुगत असे. त्या तर्रीत माझाही वाटा होता.

गेल्या वर्षी डेपोतल्या तपासणीत अंबादासची साखर फार वाढलेली निघाली. मधुमेह त्याला आधीपासून होता, पण तीन महिन्यांची सरासरी या वेळी साडेनऊवर गेली होती. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, गोड बंद केलं आणि सांगितलं, "तीन महिन्यांनी आठच्या खाली आली नाही तर गाडी देता येणार नाही. टेबलावरचं काम घ्यावं लागेल."

वीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस तो. त्याच दिवशी त्याने साखर सोडली. फिका चहा, लाडू नाही, आंबासुद्धा नाही. महिनाभराने रक्त तपासलं तर आकडा जेमतेम हलला होता.

"डेपोत काय खाता?" नंदाने विचारलं.

"तुझाच डबा."

"आणि चहा?"

"फिकाच. कँटीनवाल्याला विचार हवं तर."

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला असताना नंदाने त्याची पिशवी उलटी केली. डबा, पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पट्टी, एवढंच निघालं. पण तेवढ्यात तो आंघोळ करून दारात येऊन उभा राहिला. त्याने पाहिलं, सगळं परत पिशवीत भरलं आणि कामावर गेला. पुढे आठवडाभर दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. बावीस वर्षांत या घरात मोठी भांडणं मी पाहिली होती. असा गारठा पाहिला नव्हता.

मित्रांनो, खरं काय ते मला ठाऊक होतं, पण किटलीला सांगता येत नाही. गोड बंद झाल्यापासून नंदाचा जीव कळवळत होता. निदान तिखट तरी पोटभर खाऊ दे, म्हणून ती रोज काहीतरी तळायची. कधी कांदाभजी, कधी मिरचीचे पकोडे, कुरडया. डब्यात वनस्पती तुपात भाजलेले पराठे. तळून उरलेलं तेल गाळून ती परत माझ्यातच ओतायची. माझ्या तळाशी काळा गाळ साचला होता.

रविवारी अंबादासची भाची चेतना आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आहे. मधुमेह असलेल्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू तपासण्याचं काम तिच्या प्रयोगशाळेत चालतं. दोघांचे उतरलेले चेहरे पाहून तिने कारण विचारलं, सगळं ऐकलं आणि मग ती उठून स्वयंपाकघरात आली. तिने झाकण काढून माझ्यात डोकावून पाहिलं. बावीस वर्षांत इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

"मामी, ही किती दिवसांत संपते?"

"चौथ्या दिवशी भरावी लागते. का गं?"

चेतनाने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे महिन्याला साडेपाच लिटर. दोन माणसांना."

"तेलाने कुठं साखर वाढते?" नंदा म्हणाली. "तेल काय गोड असतं?"

अंबादासही आता दाराशी येऊन उभा राहिला होता. चेतना जमिनीवर मांडी घालून बसली.

"सरळ नाही वाढत, मामी. पण रक्तातली साखर पेशींमध्ये जायला इन्सुलिन लागतं. रोज फार तेलकट खाल्लं, त्यात वनस्पती तूप, तर यकृतात आणि स्नायूंत चरबी साचते आणि पेशी इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत. तू साखर सोडलीस मामा, पण रक्तातल्या साखरेला जायची वाटच बंद."

"आणि तुझे ते जिवाणू?" अंबादासने विचारलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

"आतड्यात ते अब्जावधी असतात. त्यांना भाजीचा, डाळीचा, धान्याचा चोथा लागतो. तेलकट जास्त आणि चोथा कमी असं चाललं, की उपयोगाचे काही कमी होतात, दुसरेच वाढतात. मग आतड्याचं अस्तर थोडं सैल पडतं आणि जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात शिरतात, असं दिसतं. शरीर त्यांच्याशी बारीक बारीक भांडत राहतं. त्या भांडणात इन्सुलिनचं काम आणखी बिघडतं. उंदरांत हे बरंच स्पष्ट दिसलंय. माणसांत अजून शोधतोय आम्ही."

"म्हणजे माझ्या पोटात एवढे पॅसेंजर, आणि मला पत्ताच नाही."

चेतना हसली. नंदा मात्र हसली नाही. ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "मी तुमची पिशवी तपासली होती."

"माहीत आहे."

"माझ्याच हातचं होतं सगळं."

"प्रेमाने करत होतीस," अंबादास म्हणाला. "आणि मी मिटक्या मारत खात होतो. दोघांचंही आहे ते."

त्यानंतरचे दिवस माझ्या नशिबी वाईट आले. नंदाने मला खरवडून धुतलं, उपडं केलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. घरात तेलाचा थेंब नको, असं तिने ठरवलं. माळ्यावर अंधार होता, धूळ होती. खालून आवाज तेवढे यायचे. कोरडी भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून अंबादास दुप्पट भात खाऊ लागला आणि तासाभरात पुन्हा भूक लागली म्हणून चिडू लागला.

नवव्या दिवशी चेतना पुन्हा आली आणि तिने कपाळाला हात लावला. "मामी, शून्य तेल कुणी सांगितलं? शरीराला चरबी लागतेच. कोणती आणि किती, तेवढं बघायचं. गावाकडे जवसाची चटणी करायचे ना? ती कर. तीळ घाल, शेंगदाणे घाल."

मला खाली उतरवलं गेलं. माझ्यात ताजं शेंगदाण्याचं तेल आलं आणि शेजारी एक चहाचा चमचा. माणशी दिवसाला चार चमचे, त्याहून जास्त नाही. वनस्पती तूप बंद, तळण बंद. ताटात ज्वारीची भाकरी, सालासकट मूग, पालेभाजी. आता मला भरायची वेळ एकोणिसाव्या दिवशी यायची. आधी मला वाटलं, माझी किंमत कमी झाली. पण नंदा चमचा भरताना माझ्याकडे जितकं लक्ष देऊन बघायची, तितकं तिने पूर्वी कधी पाहिलंच नव्हतं.

अंबादासला तर नवंच वेड लागलं. एका सुट्टीच्या दिवशी तो चेतनाच्या प्रयोगशाळेत गेला. तिने नमुन्यासाठी एक छोटी डबी आधीच पाठवली होती. ती कशासाठी हे कळल्यावर तो दोन दिवस लाजत होता, पण शेवटी घेऊन गेला. परत आल्यावर नंदाला म्हणाला, "सूक्ष्मदर्शकातून पाहिलं मी. नुसते ठिपके आणि काड्या, हजारोंनी. पोरीला विचारलं, हे माझे? ती म्हणाली, तुझेच."

"मग आजार बरा होणार का, काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यावरून औषध ठरवता येत नाही, आम्हीच अजून शिकतोय. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात तशाच घ्यायच्या." मग तो म्हणाला, "पण नंदा, त्यांनाही जेवायला घालायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तीन महिने भरले. अहवाल आणायला दोघं बरोबर गेली. परत आली तेव्हा अंबादासने चप्पल काढायच्या आधीच कागद कट्ट्यावर ठेवला. सात पूर्णांक सहा.

"गाडी?" शेजारच्या सुगंधाबाईंनी दारातून विचारलं.

"सोमवारपासून पहिली पाळी," नंदाने सांगितलं आणि डोळे पुसत कणीक मळायला बसली.

मित्रांनो, आजार गेलेला नाही. गोळ्या आहेत, तपासण्या आहेत, कधी आकडा पुन्हा चढतोही. पण आता आकडा चढला, की दोघं एकमेकांकडे संशयाने पाहत नाहीत, मिळून कारण शोधतात. तुमच्या घरी कुणाला मधुमेह असेल, तर त्याच्यावर पहारा ठेवू नका. त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या ताटात आहे तेच आपल्याही ताटात वाढून घ्या. काही कळलं नाही तर जाणत्या माणसाला विचारा, न लाजता विचारा. आम्हा भांड्यांना बोलता येत नाही. तुम्हाला येतं.