लाल पट्ट्यातला माणूस

सकाळपासून यंत्राचा घण पडत होता आणि फाटकावरच्या पहारेकरी मुतवल्लीचं डोकं उठलं होतं. नव्या धक्क्यासाठी समुद्रात लोखंडी खांब ठोकायचे म्हणजे आवाज होणारच. दमियातच्या बंदरावर अकरा वर्षं पहारा केलेल्या माणसाला ते कुणी शिकवायला नको. पण दुपारी तासभर घण बंद ठेवू, असं कंपनीने भिंतीपलीकडच्या होडीवाल्यांना लिहून दिलं होतं. नवे इंजिनियर रमजी आले आणि त्यांनी तो तास सरळ गिळून टाकला.

भिंतीपलीकडे उस्ता शहाता हातात लाकडी हातोडी घेऊन नुसता बसून होता. हा सत्तरीचा कारागीर होडीच्या फळ्यांमधल्या फटींत तेलकट कापूस ठोकून बसवायचा आणि मग एकेक फट वाजवून, कान लावून ऐकायचा. खणखणीत वाजली तर पक्की, भद वाजली तर आत पोकळ. ऐकल्याशिवाय त्याने एकही होडी पाण्यात सोडली नव्हती. पण या होडीच्या मालकाला घाई होती. ऐकून झालेलं असो नसो, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर ती निघणार होती, आणि तिच्यावरच्या नऊ जणांत मुतवल्लीचा धाकटा भाऊ सबरी होता.

मुतवल्ली रमजींच्या खोलीत गेला.

"साहेब, अर्धा तास द्या. म्हातारा ऐकून घेईल."

"आवाज मर्यादेत आहे. ते मोजायचं यंत्र बघ."

"यंत्र सिमेंटच्या पोत्यांमागे ठेवलंय साहेब. तिथे माझी बायको ओरडली तरी काटा हलायचा नाही. आणि ती ओरडली की अख्खी गल्ली दारं लावून घेते."

रमजी हसले नाहीत. "तू फाटक सांभाळ. नियम मी सांभाळतो."

मुतवल्लीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियम! रोज सकाळी कामगारांना ते वाचून दाखवायचा कोण? मुतवल्लीच. घणाभोवती जमिनीवर रंगवलेल्या लाल पट्ट्यात कुणी हेल्मेटशिवाय किंवा पासाशिवाय दिसलं, की भोंगा वाजवायचा आणि घण बंद करायचा. सगळ्यांची नावं पुकारून होईपर्यंत आणि तो माणूस फाटकाबाहेर जाईपर्यंत घण उचलायचा नाही. सबरी बुडाला तर आईला काय सांगायचं, मी फाटक सांभाळत होतो म्हणून?

तो तडक निघाला. लाल पट्ट्यात शिरला, हेल्मेट काढून काखेत मारलं आणि खांबावरचा भोंगा वाजवला.

घण थांबला. कितीतरी दिवसांनी समुद्र ऐकू आला.

कामगार फाटकाशी जमले. मुतवल्लीचा जोडीदार अशूर यादी वाचू लागला. "मुहम्मद इब्राहिम!" सात हात वर आले. मग बापांची नावं, मग आजोबांची. अशूरलाही आज कसलीच घाई दिसत नव्हती. भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला होता: टण, टण, टण.

रमजी धावत आले. "आत कोण शिरलंय?"

"मी."

"डोकं फिरलंय तुझं? पास दे इकडे. तुझी नोकरी संपली!"

अकरा वर्षं गळ्यात होता तो पास. त्याने तो काढून रमजींच्या हातात ठेवला.

"आता खरी पंचाईत झाली, साहेब. इतका वेळ नुसतं हेल्मेट नव्हतं, आता पासही नाही. परका माणूस लाल पट्ट्यात उभा आहे. नियम तुम्हीच सांभाळता ना?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. रमजींचा चेहरा लाल झाला. "नीघ! आत्ताच्या आत्ता बाहेर नीघ!"

मुतवल्ली निघाला, पण गुडघा दुखरा होता, आणि आज तर त्याने तो फारच जपला. एक पाऊल. टण. दुसरं पाऊल. टण. टण.

भद.

तो जागीच थांबला. फाटकाशी यादी थांबली. पलीकडे पुन्हा एकदा हातोडी पडली. भद. मग शहाताचा चिरका आवाज आला, "सबरी! छिन्नी आण. हा सगळा कापूस काढायचाय. मालकाला सांग, आज होडी जात नाही!"

"ऐकलंत, साहेब?" मुतवल्लीने विचारलं.

रमजी खाली बघत होते. "चल, चालायला लाग."

"अजून निम्मी होडी वाजवायची राहिली आहे," मुतवल्ली म्हणाला आणि गुडघा धरून तिथेच जमिनीवर बसला.