राजापेठेतला जोड

सुभद्रा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी राजापेठेत रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसलो होतो. यंदाची, सन एकसष्टची गोष्ट आहे. टेलिफोनच्या तारा खांबांवरून काढून जमिनीखालून न्यायचं काम अमरावतीत चाललं होतं. खात्यात मी खांब पुरायच्या कामावर लागलो होतो. आता खुशालराव मिस्त्रींच्या हाताखाली केबलचा जोड शिकत होतो. सुभद्रा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी, बाळापूरला गेली होती.

मेहुणा भगवंतराव खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला. आमचा तंबू परतवाड्याला आहे असं घरी माहीत होतं, म्हणून तो आधी तिकडे गेला होता. तिथून शोधत आला.

"भाऊजी, वर या."

"जोड उघडा हाय. बोल ना."

"ताई गेली. परवा. अकोल्याच्या दवाखान्यात. लेकरूही नाई राह्यलं. तुमची वाट पाह्यली, मंग तिथंच उरकलं."

माझ्या हातात दोन तारा होत्या. पीळ देऊन झाला होता. त्यावर कागदाची नळी सरकवायची राहिली होती, ती मी सरकवली. मग वर आलो.

केबलमधल्या तांब्याच्या तारांवर नुसता कागद गुंडाळलेला असतो. तो कोरडा आहे तोवरच बोलणं इकडून तिकडे जातं. जोड उघडा असला की खुशालराव पाण्याचा माठही जवळ ठेवू देत नसत. पण श्रावण नावाचा पोरगा खोदकामावर नवा आला होता. दुरून मरणाची खबर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी न्हायचं, एवढं त्याला घरून माहीत होतं. त्याने समोरच्या हॉटेलातून बादली आणली आणि मी काठावर उभा असतानाच माझ्या डोक्यावर ओतली. पाणी माझ्या अंगावरून खड्ड्यात गेलं.

"अबे, त्याले आंघोळ घातली का केबलले?" खुशालराव ओरडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "जा बावा तू. इथलं मी पाहतो."

कागदाने पाणी ओढलं होतं. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला.

तेरावं माझ्या थोरल्या भावाकडे, गावी झालं. माझ्या मुलीला, विमलला, तिथे आणलं नव्हतं. ती चार वर्षांची. बाळापूरलाच होती. तिला न्यावं म्हणून मी विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीले तंबूत ठेवता काय? आज परतवाडा, उद्या अजून कुठं. आधी एका जागी बसा, मंग न्या."

त्यांचं बरोबर होतं. अकोल्याला जोडाच्या कामाची कायम जागा निघाली होती. साहेबांसमोर जोड करून पास झालो तर ती मला मिळणार होती. नाही तर पुन्हा खांब, तंबू, आणि विमल आजीकडे.

मी कामावर गेलो. खुशालरावांनी मला त्याच खड्ड्यात बसवलं. तारा जुळवणं मला जमत होतं. शिशाचं काम जमत नव्हतं. तारांच्या जोडावर शिशाची नळी चढवायची आणि तिची टोकं केबलवरच्या शिशाच्या आवरणाला मिळवायची. त्यासाठी शिसं आणि कथील वितळवून पळीने वरून ओतायचं. लोण्यासारखं मऊ असतानाच चरबी लावलेल्या जाड कापडाने गोल फिरवून बसवायचं. उशीर झाला की ढेकूळ होतं. घाई केली की सगळं खाली गळतं. माझं रोज गळत होतं.

"हात भाजून राह्यला तुया," एकदा खुशालराव म्हणाले.

मी पाहिलं. भाजत होता.

"मंग काढत काहून नाई? अरे, पोळलं त समजते किती गरम हाय ते. तुले काही लागतच नाई, त तू शिकशीन कसा?"

त्यांनी पळी माझ्या हातातून घेतली.

"बरं, हाताचं जाऊ दे. डोयानं पाह्य. वरची चमक गेली का फिरवायचं. चमक हाय तोवर कापड लावाचं नाई."

त्यानंतर मी चमकेकडे पाहत राहिलो. हळूहळू जमलं.

साहेब आले. त्यांनी माझ्या जोडात सायकलच्या पंपाने हवा भरायला लावली आणि वरून साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही. "ठीक आहे," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

"झाला मिस्त्री," खुशालराव म्हणाले. "आता पोरगी आण पयले."

अकोल्याला खोली घेतली आणि बाळापूरला गेलो. विमल तेल लावून, वेणी घालून ओट्यावर तयार बसली होती. मला वाटलं होतं ती रडेल. ती माझ्याआधी मोटारीत चढली. सासूबाई निरोप द्यायला बाहेर आल्या नाहीत.

मोटार सुटल्यावर ती म्हणाली, "बाबा, आई खोलीवर आली का दवाखान्यातून?"

"कोणं सांगतलं तुले?"

"आजीनं. आई अकोल्याले हाय म्हणे. मी रडली नाई त बाबा नेतीन म्हणे तिच्यापाशी."

"हात आत घे," मी म्हणालो. "खिडकीबाहेर काढू नको."

खोलीवर आल्यावर तिने आत पाहिलं, मोरीत पाहिलं, मग दारात जाऊन बसली. शेजारच्या आशाबाई दिवसा तिच्याकडे पाहतात. मी सकाळी जोडाच्या कामावर जातो, संध्याकाळी येतो, भाकरी टाकतो. ती जेवते. रडत नाही.

तिला सांगायचं राहिलं आहे.