शेवटचा डबा

नत्थूजींनी पस्तीस वर्षं मालगाडी चालवली आणि निवृत्त होऊन वडनेरला आले ते रेल्वेचे नियम सोबत घेऊनच. स्कूटर काढली की फाटकातच ब्रेक तपासायचा आणि वाटेत वेग घेतला की पुन्हा तपासायचा. दर खेपेला मागं बसलेल्या भागीरथाबाईंचं नाक त्यांच्या पाठीवर आपटायचं.

त्या दिवशी हिंगणघाटच्या रस्त्यावर त्यांनी असाच ब्रेक दाबला आणि लेकीसाठी घेतलेली वांगी रस्त्यावर सांडली. स्कूटर थांबताच भागीरथाबाई ती वेचायला उतरल्या. नत्थूजी मात्र "झकास लागला!" म्हणत निघून गेले. पुढं दोन किलोमीटर ते ब्रेकचं महत्त्व सांगत होते. मागून एकदाही उलट उत्तर आलं नाही, तेव्हा बायकोला अखेर पटलं म्हणून ते खूश झाले.

मग त्यांनी पुन्हा ब्रेक तपासला. पाठीवर नाक आपटलंच नाही!

घाबरून ते उलटे फिरले. भागीरथाबाई बाभळीखाली पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"शेवटच्या डब्यातला गार्ड ठीक म्हनत नाई, तवरक गाडी हलवाची नाई, हे मले रोज कोन सांगे?"

"चुकलं वं. बस आता."

त्या बसल्या. "मी ठीक म्हनीन, तवाच निंगजा."

मग त्यांनी सावकाश पदर खोचला, अंबाडा सोडून पुन्हा बांधला आणि शेतांकडं बघत बसल्या. मागून आलेली एसटी हॉर्न वाजवून पुढं गेली. नत्थूजी चालू स्कूटरवर ताठ बसून राहिले.